ताकदीची गोळी

माझ्या पाकिटात आधार कार्डाच्या मागे जवळजवळ तीन वर्षं एक फिकट निळं कार्ड होतं. ते माझं नव्हतं. ते माझ्या मोठ्या बहिणीजवळ असायला हवं होतं आणि डॉक्टरांनी तसं बजावूनच ते माझ्या हातात दिलं होतं. पाकीट उघडताना त्याची निळी कड दिसायची. मी ती अंगठ्यानं आत ढकलायचो.

मी मुळातच कमी बोलणारा माणूस. सातपूरला एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. कुठल्या खोक्यात काय आहे, किती आहे, कधी आलं, याच्या चिठ्ठ्या लावणं हे माझं पंचवीस वर्षांचं काम. माझ्या हाताखालून बिनचिठ्ठीचं खोकं जात नाही अशी तिथे माझी ख्याती आहे. घरी मात्र मी एका बाटलीवरची चिठ्ठी काढून टाकली, त्याची ही हकिगत.

आक्का माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. पिंपळगाव बसवंतला राहते. मेहुणे गेल्यापासून ती आणि तिची मुलगी अशा दोघीच. भाची कोल्ड स्टोरेजच्या ऑफिसात नोकरी करते. आक्कानं द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये वीसेक हंगाम काढले. डाव्या हातात घड अलगद धरायचा आणि उजव्या हातातल्या छोट्या कात्रीनं खराब मणी असा काढायचा की शेजारच्या मण्यावरची लव पुसली जाता कामा नये. नव्या बायकांना हे ती शिकवायची. तिचे हात तिथे नावाजलेले होते.

त्या वर्षी ऐन हंगामात, फेब्रुवारीत, तेच हात गेले. बोटांचे सांधे सुजून लाल झाले. सकाळी उठल्यावर तास-दीड तास मूठच वळायची नाही. मी भेटायला गेलो तेव्हा ती चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरून पीत होती, लहान मूल पितं तसा.

"लय दुखतंय रे," ती म्हणाली. आक्का असं सहसा म्हणत नाही. "कात्री धरवत नाय. मुकादम म्हणतो, मावशी, बसून राहा, नुसतं बायांवर लक्ष ठेवा. नुसतं बसायला काय मी मंदिरातली मूर्ती हाय?"

मी म्हणालो, नाशिकला मोठ्या डॉक्टरला दाखवू.

"दाखवू. पण एक आत्ताच सांगते. स्टेरॉइडचं काही देतील तर मी घेणार नाय. मेले तरी चालेल."

याला कारण होतं. तिच्या शेजारची बाई दम्यासाठी कुणा कुणाकडून गोळ्या आणून वर्षानुवर्षं खात होती. ना तपासणी, ना डॉक्टर. शेवटी शेवटी तिचं तोंड सुजलेलं, कातडी कागदासारखी झालेली, आणि नुसती खाटेवरून उतरताना तिचं हाड मोडलं. ती गेली तेव्हा तिला शेवटची अंघोळ आक्कानंच घातली होती. स्टेरॉइड हा शब्द आक्काला त्या अंघोळीच्या दिवसापासून माहीत होता.

आता आमच्या घराबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढच्या सगळ्याचं मूळ तिथे आहे. माझं घर दोन खोल्यांचं. आक्काचे हात बरे झाले नाहीत तर भाचीच्या लग्नानंतर आक्काला माझ्याकडे आणावं लागेल, हे बायकोनं एकदा भाजी निवडता निवडता सहज बोलून दाखवलं होतं. मी पेपर वाचत राहिलो. पण तेव्हापासून आक्काचे हात बरे व्हावेत असं मला फार वाटू लागलं. त्यात तिच्यासाठी किती आणि माझ्यासाठी किती, हे तेव्हा मी वेगळं केलं नाही. आज करतो. अर्ध्याहून जास्त माझ्यासाठी होतं.

गंगापूर रोडला सांध्यांच्या डॉक्टर होत्या, साधारण माझ्याच वयाच्या. त्यांनी आक्काचं एकेक बोट दाबून पाहिलं, तिला शेजारच्या खोलीत रक्त द्यायला पाठवलं आणि मग त्या माझ्याशी बोलल्या. संधिवातातलाच सुजेचा प्रकार आहे. मुळावरचं औषध सुरू करू, पण ते लागू पडायला काही आठवडे जातात. तोवर सूज उतरवायला स्टेरॉइडची गोळी लागेल.

मी म्हणालो, "मॅडम, तिच्यासमोर तो शब्द नको. ती घेणारच नाही."

"शब्दाला घाबरू द्या, पण औषध समजलं पाहिजे. मी सांगते त्यांना नीट."

"मी सांगतो ना घरी. माझं ऐकते ती."

त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग कागदावर चित्र काढलं. किडनीच्या डोक्यावर टोपीसारखी एक छोटी ग्रंथी. "ही रोज शरीरापुरतं हेच औषध बनवत असते. बाहेरून मिळायला लागलं की ती झोपी जाते. म्हणून गोळी एकदम बंद करायची नाही. कधीच नाही. मी सांगेन तशी थोडी थोडी कमी करायची, म्हणजे ती जागी होईल. एकदम बंद केली तर आत काहीच नाही, बाहेरून काहीच नाही. माणूस कोसळतो."

आणखीही सांगितलं. गोळी सकाळी, पोटभर नाश्ता झाल्यावर. साखर आणि रक्तदाब तपासत राहायचा. हाडांसाठी कॅल्शियम चुकवायचं नाही. दुखतंय म्हणून दुकानातून वेगळी गोळी आणून त्यात घालायची नाही. ताप आला, उलट्या झाल्या, दात काढायचा असला, ऑपरेशन असलं, तर समोरच्या डॉक्टरला सगळ्यात आधी या गोळीचं सांगायचं. कधी कधी अशा वेळी डोस वाढवावा लागतो. मग ते निळं कार्ड भरून दिलं. "हे त्यांच्या पर्समध्ये, कायम. त्या बेशुद्ध असतील तेव्हा हे बोलेल. आणि घरी सांगाच. लपवून द्यायचं औषध नाही हे."

आक्का दंडावर कापूस दाबून बाहेर आली. जिना उतरताना तिनं विचारलं, "काय म्हणाल्या?"

"सुजेवरचं औषध दिलंय. आणि एक ताकदीची गोळी."

इतकं सहज निघालं ते तोंडातून.

गोळ्यांच्या पट्टीवर नाव छापलेलं असतं आणि भाचीला इंग्रजी वाचता येतं. म्हणून मी घरी बसून गोळ्या पट्टीतून एकेक काढल्या, टॉनिकच्या एका रिकाम्या बाटलीत भरल्या आणि बाटलीवरची चिठ्ठी पाण्यात भिजवून खरवडून काढली. आक्काच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर रोजच्या चौकोनात लाल टिंबं काढून दिली. दोन टिंबं म्हणजे दोन गोळ्या, दीड टिंब म्हणजे दीड. गोळी घेतली की तिनं पेन्सिलीनं टिंबावर रेघ मारायची. जेवल्याशिवाय घ्यायची नाही, हे मी तीन वेळा बजावलं. एकदम बंद करायची नाही, हे एकदाही सांगितलं नाही. ते सांगितलं असतं तर तिनं विचारलं असतं, ताकदीच्या गोळीचं एवढं काय?

गोळीनं जादू केली. चौथ्या दिवशी तिचा फोन आला. "अरे, मूठ वळली. बघ, फोन त्याच हातात धरलाय." महिन्याभरात ती पॅकहाउसला परत गेली. भूक वाढली. झोप कमी झाली, पहाटे उठून फडताळं पुसू लागली. तोंड गोल झालं. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं एकेक करून यायला लागलं, आणि ते औषधाचं आहे हे फक्त मला ठाऊक होतं. पॅकहाउसमधल्या बायका तिला म्हणायच्या, "मावशी, गाल वर आले तुमचे. कोण खाऊ घालतंय एवढं?" आक्का म्हणायची, "माझा भाऊ. ताकदीची गोळी दिलीय त्यानं."

डॉक्टर दर महिन्याला डोस थोडा कमी करून बघायच्या. फार खाली आणला की बोटं पुन्हा सुजायची, मग पुन्हा जरा वर. त्यात उन्हाळा गेला, पावसाळा गेला. दर वेळी त्या आक्काला विचारायच्या, "ताई, गोळी चुकवत नाही ना?" आक्का अभिमानानं सांगायची, "एक दिवस नाय." आणि मला विचारायच्या, "समजावलंय ना सगळं?" मी मान हलवायचो.

गणपतीच्या आसपास बाटलीत हिशोबापेक्षा पाच-सहा गोळ्या कमी दिसल्या. स्टोअरचा माणूस, मला कमी-जास्त लगेच कळतं. विचारलं तर आक्का म्हणाली, "अरे, ती पॅकहाउसात माझ्या शेजारी बसते ना, तिची कंबर धरली होती. दिल्या तिला. बिचारीला लय बरं वाटलं."

त्या बाईला साखर असेल, पोटात अल्सर असेल, आणखी काय असेल, मला काय माहीत. मी म्हणालो, "देत जाऊ नको. आपल्यालाच पुरत नाहीत."

"कंजूष," आक्का हसली.

तेव्हा बोलायला हवं होतं. दार उघडं होतं, ती हसत होती, भाची ऑफिसात होती. मी चहा संपवून निघालो.

मग नवरात्र आलं.

मी पाच वर्षांचा असताना विषमज्वरानं मरता मरता वाचलो. तेव्हा आईनं देवीला नवस बोलला होता, नऊ दिवस कडक उपवासाचा आणि अनवाणी राहण्याचा. आई गेल्यावर तो कुणी चालवायचा हा प्रश्न आला. रीतीनं तो माझ्या बायकोकडे यायला हवा होता. ती उठता-बसता करते, म्हणजे पहिला दिवस आणि शेवटचा. आक्का म्हणाली, राहू दे, तिच्यावर नको. मी करते. गेली अठरा वर्षं तीच करत होती. दिवसभर पाणी, संध्याकाळी दिवा लावल्यावर कपभर दूध आणि एखादं फळ. साबुदाणासुद्धा नाही. आणि चपला उंबऱ्याच्या आत.

घटस्थापनेच्या आधी मी तिला विचारलं होतं, उपवास झेपेल ना? ती म्हणाली, तुझ्या गोळीनं घोडी झालेय मी. मी खूश झालो. सकाळी खाल्ल्याशिवाय घ्यायची नाही अशी गोळी ही नऊ दिवस कशी घेणार, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. खरं सांगायचं तर आलं होतं. मी त्याच्याकडे पाहिलं नाही.

चौथ्या माळेला, म्हणजे चौथ्या दिवशी, कारखान्यातून जेवणाच्या सुट्टीत मी फोन केला. तिचा आवाज खोल गेलेला.

"काय गं, बरं नाही का?"

"काय नाय. अंग मोडून आल्यासारखं झालंय. उठलं की गरगरतं. उपवास हाय ना."

"गोळी घेतेस ना?"

"नाय. पहिल्या माळेपासून नाय घेतली."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"अरे, ताकदीच्या गोळीवर उपवास कसला? देवीला फसवल्यासारखं होईल ते. माझ्या अंगच्या ताकदीनं केला तर तो उपवास. आणि तूच म्हणतोस, खाल्ल्याशिवाय घ्यायची नाय. नऊ दिवसांचं काय एवढं? दसऱ्याला घेईन."

मी स्टोअरच्या दारात उभा होतो. समोर खोकी, प्रत्येकावर चिठ्ठी. मला एकच वाक्य बोलायचं होतं: आक्का, ती ताकदीची गोळी नाही. पण त्या वाक्यामागून बाकीची सगळी येणार होती. शेजारीण, कॅलेंडर, खरवडलेली बाटली, जिन्यावरचं माझं उत्तर. आणि सगळ्याच्या मागे माझ्या दोन खोल्या.

"बरं," मी म्हणालो. "जप."

फोन ठेवून मी पाकीट काढलं आणि निळं कार्ड वाचलं. हे औषध अचानक बंद करू नये. मी ते दोनदा वाचलं, आत ठेवलं, आणि सुट्टी संपल्याची घंटा झाली म्हणून आत गेलो.

पाचव्या माळेला मी फोन केला नाही. उद्या रविवार, उद्या प्रत्यक्ष जाऊन सांगू, असं ठरवलं. फोनवर सांगण्यासारखं नाही, असं स्वतःला समजावलं. त्या दिवशी कामावरून येऊन मी कपाट आवरलं, मोटारसायकल धुतली. बायको म्हणाली, आज काय अंगात आलंय तुमच्या? त्या दिवशी पिंपळगावला जायला मला पाऊण तास लागला असता.

सहाव्या माळेला सकाळी भाचीचा फोन आला. "मामा, आई पडली. उलट्या झाल्या, डोळे उघडत नाही. दवाखान्यात आणलंय. या लवकर."

मुंबई-आग्रा हायवेवर कांद्याच्या टेम्पोंमधून मी कसा गाडी चालवत गेलो मला आठवत नाही. एवढं आठवतं की वाटेत मी दोनदा खिशावर हात ठेवून कार्ड आहे का ते पाहिलं.

आक्का खाटेवर होती. पाय अनवाणी, टाचांना माती. ओठ पांढरे. नाडी हाताला लागत नव्हती, साखर पार खाली गेली होती. तिथले डॉक्टर तरुण होते, सलाइन लावून भाचीला विचारत होते, "कुठली औषधं चालू होती?" भाचीनं सुजेवरच्या औषधाची पट्टी आणली होती. आणि ती बाटली.

"ही ताकदीची गोळी," ती म्हणाली. "पण ती उपवासात बंद होती. मामांनी दिलेली."

डॉक्टरांनी बाटली उलटी-पालटी केली. तिच्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं. एक गोळी तळहातावर घेऊन ते पाहत राहिले. पांढऱ्या गोळ्या सगळ्या सारख्याच दिसतात.

मी त्यांचा दंड धरून त्यांना खोलीबाहेर नेलं आणि कार्ड हातात दिलं. त्यांनी वाचलं. "किती महिने?" "सात." "बंद किती दिवस?" "सहा." ते पुढे काही न विचारता आत पळाले. इंजेक्शन, पुन्हा सलाइन, गंगापूर रोडच्या डॉक्टरांना फोन. दुपारी आक्कानं डोळे उघडले. मला बघून म्हणाली, "तू कामावर नाय गेला?" रविवार होता.

जाताना त्या डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "अजून तास-दोन तास उशीर झाला असता तर सांगता येत नाही काय झालं असतं. त्यांना का माहीत नव्हतं?" मी म्हणालो, सांगितलं होतं, विसरली असेल. गंगापूर रोडच्या डॉक्टरांनाही मी पुढे तेच सांगितलं.

आता यापुढचं मला सगळ्यात जड जातं. मी वाचवलं असं झालं. भाची सगळ्या नातेवाइकांना सांगत सुटली, मामा आले, डॉक्टरांशी काय बोलले कोण जाणे, आणि आई उठून बसली. कुणी काय झालं होतं विचारलं की मी म्हणायचो, उपवासानं साखर उतरली. ते पूर्ण खोटंही नव्हतं. त्यामुळे जास्त टिकलं.

आक्कानं मात्र स्वतःचा अर्थ लावला. अठरा वर्षं केलेला उपवास एकोणिसाव्या वर्षी देवीनं का नाकारला? आपलंच काहीतरी चुकलं. बरं वाटल्यावर ती भाचीला घेऊन वणीच्या गडावर गेली. आता गुडघेही सुजायला लागले होते, ते घेऊनच पायऱ्या चढली. पुढच्या नवरात्रात उपवास भाचीनं उचलला, कारण नवस मोडला तर तो माझ्यावर येईल अशी आक्काला भीती. पंचविशीतली पोरगी माझ्या आयुष्यासाठी नऊ दिवस अनवाणी ऑफिसला जात होती आणि मी पहिल्या माळेला फोन करून तिला जप म्हणून सांगत होतो.

आक्काची गोळी पुन्हा सुरू झाली, त्याच बाटलीतून. डॉक्टरांनी या वेळी आणखी हळू कमी केली, दीड वर्ष लावलं. रोज सकाळी नऊ वाजता मी कारखान्यातून फोन करायचो. "घेतली?" "घेतली रे बाबा. तू बायकोला तरी इतके फोन करतो का?" सगळे म्हणायचे, बघा, भाऊ असावा तर असा. शेवटची पाव गोळी संपली तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, कार्ड अजून टाकू नका. बंद झाल्यावरही बराच काळ ती ग्रंथी पूर्ण जागी नसते, मोठं आजारपण किंवा ऑपरेशन आलं तर सांगावं लागतं. मी मान हलवली.

आणि आठ महिन्यांनी आक्काच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं.

आदल्या आठवड्यात तपासणीला बोलावलं होतं. आक्का, भाची आणि मी. भूल देणारे डॉक्टर कागद घेऊन बसले होते आणि एकेक प्रश्न विचारून पेनानं लिहीत होते. दात हलतात का? आधी ऑपरेशन झालंय का? कशाची ॲलर्जी? मी मनात ठरवून आलो होतो की संपल्यावर यांना बाहेर गाठायचं, नेहमीसारखं.

"स्टेरॉइडच्या गोळ्या कधी घेतल्यात, मावशी?"

"नाय हो," आक्का म्हणाली. "त्या गोळ्यांनी माझी शेजारीण गेली. मी हात नाय लावणार."

"नीट आठवा. ऑपरेशनच्या वेळी तुम्ही झोपलेल्या असणार, तेव्हा तुम्हाला विचारता येणार नाही."

"आठवायचं काय त्यात? माझ्या भावाला विचारा. माझ्या सगळ्या गोळ्या तोच आणतो. तसलं काही तो माझ्या तोंडाला लागू देणार नाय."

डॉक्टरांनी पेन टेकवलं. मी त्या पेनाकडे पाहत होतो. 'ना' लिहून झालं होतं, वरची शिरोरेघ ओढायची बाकी होती.

"घेतल्यात," मी म्हणालो. "मी दिल्यात."

आक्का माझ्याकडे वळली. ती अजून हसतच होती, मी काही गंमत करतोय असं तिला वाटलं असावं.

मी कार्ड काढून टेबलावर ठेवलं. किती महिने, किती डोस, कधी बंद, सगळं सांगितलं. मला सगळं पाठ होतं. डॉक्टरांनी 'ना' खोडलं, रक्ताची एक जास्तीची तपासणी लिहिली आणि म्हणाले, बरं झालं सांगितलंत, ऑपरेशनच्या वेळी आम्ही त्याप्रमाणे इंजेक्शन देऊ. त्यांचं काम झालं होतं. ते पुढच्या पेशंटला हाक मारायला लागले.

बाहेरच्या बाकावर आक्का मधे बसली. ती आपली बोटं उघडून-मिटून पाहत होती.

"ती ताकदीची गोळी?" तिनं विचारलं.

"हो."

"चौथ्या माळेला मी तुला फोनवर बोलले, बंद केलीय म्हणून. तेव्हा तुला ठाऊक होतं?"

मी नाही म्हणू शकलो असतो. हे कुणालाच कधी कळलं नसतं.

"ठाऊक होतं."

"पाचव्या माळेला?"

"तेव्हाही."

भाचीनं तोंडावर हात ठेवला होता. आक्काचा आवाज चढला नाही. तो चढला असता तर बरं झालं असतं.

"गडावर जाऊन मी नाक घासलं," ती म्हणाली. "देवीला म्हटलं, माझं काय चुकलं ते सांग. माझ्या हातून काय झालं? पोरीला उपाशी ठेवलं दोन नवरात्रं. आणि तू रोज सकाळी नऊला फोन करायचास."

"आक्का, मला भीती वाटली."

"माझ्या मरणाची?"

मग ते दोन खोल्यांचं सांगितलं. तेही सांगितलं.

ती उठली. गुडघा धरत, भिंतीचा आधार घेत. मी हात पुढे केला, तो तिनं घेतला नाही, भाचीचा घेतला. चार पावलं गेल्यावर थांबली आणि मागे न बघता म्हणाली, "ते कार्ड दे."

मी दिलं. तिनं ते पर्समधल्या देवीच्या फोटोशेजारी ठेवलं आणि चेन लावली.

ऑपरेशन नीट झालं. आत नेण्याआधी नर्सनं पुन्हा तोच प्रश्न विचारला तेव्हा आक्कानं स्वतः उत्तर दिलं, एकेक शब्द सुटा करून. "स्टेरॉइड. आधी सात महिने. मग सहा दिवस एकदम बंद. मग दीड वर्ष." ती दुसऱ्या कुणाच्या तरी आजाराबद्दल सांगतेय असं वाटत होतं. ज्या बाईला तिनं कंबरेसाठी गोळ्या दिल्या होत्या तिच्याकडे आक्का दवाखान्यातून आल्यावर पहिल्याच आठवड्यात वॉकर घेऊन गेली आणि काय दिलं होतं ते सांगून आली. त्या बाईला साखर निघाली आहे. गोळ्यांनी की आधीचीच, ते कुणी सांगू शकत नाही.

मी अजूनही दर रविवारी तिची औषधं घेऊन जातो. ती नको म्हणत नाही. चहा येतो. मग ती चष्मा लावते, पिशवीतून एकेक पट्टी काढते, उजेडाकडे धरते आणि पट्टीच्या मागचं बारीक नाव एकेक अक्षर जुळवत मोठ्यानं वाचते. इंग्रजी अक्षरं ती भाचीकडून या वर्षी शिकली. कुठे अडली तर मला विचारत नाही, पोरीला हाक मारते. हे कशाचं, किती दिवस, मधेच बंद केलं तर काय होतं, हे तिघांसमोर बोलून झाल्याशिवाय पट्टी डब्यात जात नाही.

तोवर मी उभा असतो. बस असं ती म्हणत नाही.